‘सेफ आहे’ असं नक्की कोण म्हणालं? (गरोदरपण, सीबीडी आणि काही जुने हिशेब)

शनिवार-रविवार आला की काहीतरी खरडायचं असा नियम मी स्वतःलाच घालून घेतलाय. पण गेले तीन आठवडे प्रॉडक्शन सपोर्टने खाल्ले, त्यामुळे आजचा लेख जरा लांबलाय. चहाचा कप घेऊनच बसा.

विषय तसा घरातलाच आहे. माझी ताई डेन्व्हरला असते. मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी तिचा फोन आला (म्हणजे तिकडे शनिवारची रात्र). तिला नववा आठवडा चालू होता आणि उलट्यांनी जीव मेटाकुटीला आला होता. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आई इकडून आल्याचा रस, लिंबू, साळीच्या लाह्या असे एकेक उपाय सांगत होती. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मात्र वेगळाच उपाय सुचवला होता, सीबीडी तेलाचा. कोलोरॅडोत गांजा २०१४ पासून दुकानात उघडपणे मिळतो, त्यामुळे आपल्याकडे ओव्याच्या अर्काबद्दल बोलावं इतक्या सहजपणे तिथे हे बोललं जातं. ताई दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलाने हसून सांगितलं की हे नैसर्गिक आहे, याने नशा येत नाही, पुष्कळ बायका घेतात, एकदम सेफ आहे. ताईने बाटली घेतली, घरी आणली आणि मग मला फोन केला.

"तू दिवसभर गुगल करत बसतोस ना, मग हे पण बघून सांग. सेफ आहे ना रे?"

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. आणि ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी उत्तरही इथेच देतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना सीबीडी घेऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, ब्रिटनच्या अन्न खात्याने २०२० मध्ये. हे वाचायला मला दहा मिनिटं लागली. मी ताईला सांगितलं, तिने बाटली कपाटात ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन केला. विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो ‘सेफ आहे’ जाईना. आमच्या धंद्यात एक जुना किस्सा सांगतात. मॅनेजर विचारतो, बग किती सापडले? टीम म्हणते, एकही नाही. मॅनेजर खूश. मग कोणीतरी हळूच विचारतं की टेस्ट केसेस किती चालवल्या? तेही उत्तर तेच असतं, एकही नाही :-) त्या दुकानातल्या मुलाचा ‘सेफ’ यातलाच होता का? आणि आधी हा शब्द गरोदर बायकांना कोणी कोणी, कशाच्या जोरावर सांगितला होता? त्यानंतरचे कितीतरी वीकेंड मी हेच वाचत बसलो.

सुरुवात आपल्याच देशात होते, कलकत्त्यात.

विल्यम ओशॉग्नेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवायचा. (हाच माणूस पुढे हिंदुस्थानातल्या तारखात्याचा प्रमुख झाला. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या नेटवर्क इंजिनिअर्सपैकी एक. आपलाच माणूस!) लोक भांग-गांजा औषध म्हणून वापरतात हे पाहून त्याने त्याचा नीट अभ्यास करायचं ठरवलं. आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मग रुग्णांवर, आणि १८३९ मध्ये सगळं छापलं. त्यातली एक केस आहे चाळीस दिवसांच्या एका मुलीची. तिला आकडी येत होती, नेहमीचे उपाय थकले होते. ओशॉग्नेसीने गांजाचा अर्क अक्षरशः थेंबाथेंबाने सुरू केला आणि हळूहळू मात्रा वाढवली. मुलगी बरी झाली असं त्याने नोंदवलंय.

ही गोष्ट महत्त्वाची का, तर जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांनी, जून २०१८ मध्ये, एफडीएने सीबीडीचं पहिलं औषध मंजूर केलं, ते लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या आकडीसाठीच. त्याचं नाव एपिडायोलेक्स. म्हणजे कलकत्त्याच्या त्या डॉक्टरला जे दिसलं त्यात काहीतरी तथ्य होतं. तेव्हा सीबीडी म्हणजे निव्वळ थोतांड, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. उपयोगी वस्तू आहे. पण प्रश्न उपयोगाचा नव्हताच. पोटातल्या बाळाचं काय, हा होता.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगतो. गांजाच्या झाडात एकाच कुळातली शंभराहून जास्त द्रव्यं असतात. टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. सीबीडी वेगळं काढलं १९४० मध्ये, अमेरिकेत रॉजर ॲडम्सने. त्याची नेमकी रचना मेशुलाम आणि श्वो या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडली, टीएचसीची त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे त्याआधी ज्यांनी ज्यांनी ‘आम्ही पिढ्यानपिढ्या वापरतोय’ म्हटलं, ते सगळे अख्खं झाड वापरत होते. शुद्ध सीबीडीचं तेल रोज घेणारी गरोदर बाई ही इतिहासात अगदी काल-परवा आलेली गोष्ट आहे. तिला परंपरेचा आधार नाही.

बाळंतपणाशी मात्र गांजाचा संबंध जुना आहे. ओशॉग्नेसीमुळे हे औषध युरोपात पोचलं आणि १८५१ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर क्रिस्टिसनने लिहिलं की याने प्रसूतीच्या कळा जोर धरतात. पुढच्याच वर्षी जॉन ग्रिगर नावाच्या डॉक्टरनेही बाळंतपणातले आपले अनुभव छापले. गर्भाशयावर याचा परिणाम होतो, हे त्या काळच्या डॉक्टरांना वाटलं होतं, आणि ते त्यांनी औषधाच्या फायद्याच्या बाजूला लिहिलं! आज दुकानात कोणी नवव्या आठवड्यातल्या बाईला हे सांगत नाही.

जाता जाता व्हिक्टोरिया राणीचं. ती गांजा घ्यायची असं नेटवर शंभर ठिकाणी लिहिलंय. खरं एवढंच की तिच्या एका डॉक्टरने, रसेल रेनल्ड्सने, १८९० मध्ये लॅन्सेटमध्ये गांजाच्या औषधी उपयोगांवर लेख लिहिला. राणीने स्वतः घेतल्याचा पुरावा नाही. पण जाहिरातीत राणी बरी दिसते.

मग येतं १८९३. गांजा-भांगेने लोक वेडे होतात का, यावर ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला आणि सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. कमिशनने देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि अहवालाचे सात खंड झाले. निष्कर्ष असा की बेताने घेतलं तर फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको. गांजाच्या बाजूने बोलणारे लोक आजही या अहवालाचा दाखला देतात, आणि त्या काळाच्या मानाने तो खरंच मेहनतीचा आहे. पण तो तयार झाला तो साक्षीवर. घेणाऱ्याच्या मुलाबाळांवर परिणाम होतो का, असं विचारलं होतं. उत्तरं आली ती मामलेदार, डॉक्टर, जमीनदार अशा लोकांच्या अनुभवातून. किती गरोदर बायकांनी घेतलं, किती जणींनी नाही, दोघींच्या बाळांची वजनं काय, ती मुलं पुढे कशी वाढली, असा तुलनेचा तक्ता करायची पद्धतच तेव्हा रुळली नव्हती. त्यामुळे ‘कमिशनने क्लीन चिट दिली’ हे वाक्य गरोदर बाईला लागू होत नाही.

आता जरा घराजवळ येऊ. यातला पदार्थ वेगळा आहे, अफू. पण गोष्ट तीच आहे असं मला वाटतं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टर नेमल्या. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९२२ च्या लेबर गॅझेटमध्ये आला. त्यात एक आकडा आहे. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. अठ्ठ्याण्णव! बाळगोळी म्हणायचे तिला. बाळाला गोळी चाटवायची, ते झोपतं, आई पाळीला जाते. दहा तास त्याला बघणार कोण? चाळीतल्या एका खोलीत?

मी हा आकडा आजीला सांगितला. आजीला काही धक्का बसला नाही. म्हणाली, "माझी आजी रिळावर होती ना गिरणीत. तीही द्यायची. सगळ्याच द्यायच्या." मग थोडं थांबून म्हणाली, तिच्या आजीचा एक मुलगा फार शांत होता म्हणे. रडायचाच नाही. सगळी चाळ कौतुक करायची, किती गुणाचं बाळ. ते दोन वर्षांचं होऊन गेलं.

कशाने गेलं? माहीत नाही. त्या काळी मुलं जायची. तापाने, जुलाबाने, कशानेही. आजीच्या आजीनेही गोळीला दोष दिला नव्हता, आणि मीही आज शंभर वर्षांनी पुण्यात बसून देऊ शकत नाही. चाळीत सगळ्याच बाळांना गोळी मिळत असेल तर गोळी न मिळालेलं बाळ कसं असतं हे कळणार कसं? तुलना करायला दुसरी रांगच नाही. आणि बाळ शांत झोपतं हा ‘पुरावा’ तर रोज डोळ्यासमोर होता. आईने आळस केला, अज्ञान दाखवलं, असं म्हणणाऱ्याने आधी त्या आईची पाळी करून दाखवावी. तिला दुसरा पर्यायच कोणी दिला नव्हता.

असो. पुढे जाऊ.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बऱ्याच डॉक्टरांचा असा समज होता की वार ही भिंतीसारखी असते, आईच्या रक्तातलं वाईट बाळापर्यंत पोचू देत नाही. या भिंतीला पहिलं मोठं भगदाड पाडलं सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरने. १९४१ मध्ये त्याच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. चौकशी केल्यावर कळलं की त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आईला चार दिवस पुरळ, बाळाला जन्मभराचा अंधार.

तरी धडा शिकायला आणखी वीस वर्षं लागली. थॅलिडोमाइडची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल म्हणून थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर १९५७ ला ग्रुनेंथाल कंपनीने हे झोपेचं औषध पश्चिम जर्मनीत आणलं. प्राण्यांना भरमसाट दिलं तरी मरत नाहीत, म्हणजे किती निर्धोक, अशी त्याची ख्याती. जर्मनीत चिठ्ठीशिवाय मिळायचं. गरोदर बायका ते झोपेसाठी आणि सकाळच्या मळमळीसाठीही घेऊ लागल्या. १९६१ च्या शेवटी जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली तोवर हात-पाय न वाढलेली हजारो बाळं जन्मली होती. एकूण दहा हजारांच्या वर.

अमेरिकेत हे औषध तेव्हा विक्रीला आलंच नाही, कारण एफडीएत नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंच्या टेबलावर सप्टेंबर १९६० मध्ये रिचर्डसन-मेरेल कंपनीचा अर्ज आला आणि बाईंनी तो अडवून धरला. कंपनीचे लोक फोन करायचे, वरिष्ठांकडे तक्रारी करायचे. बाई परत परत एकच सांगायच्या, अजून माहिती द्या. पोटातल्या बाळाचं काय होतं तेही दाखवा. त्यांच्याकडे औषध घातक असल्याचा पुरावा नव्हता. सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायची जबाबदारी कंपनीची आहे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. आपल्यातल्या प्रत्येक टेस्टरने या बाईंचा फोटो डेस्कवर लावावा असं माझं मत आहे. रिलीज कधीचा ठरलाय, सेल्सवाले डोक्यावर बसलेत, आणि ही एकटी बाई साइन-ऑफ देत नाही.

थॅलिडोमाइडचं नुकसान निदान जन्मतः दिसलं. डीईएसचं तर तेही नाही. हे कृत्रिम संप्रेरक १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालं आणि गर्भपात टळावा म्हणून लाखो बायकांना दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात सुमारे सोळाशे बायकांवर रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना खोटी गोळी. फायदा शून्य निघाला. तरीही देणं चालूच राहिलं, कारण अपाय कोणालाच दिसत नव्हता. बाळं तर गुटगुटीत जन्मत होती. मग एप्रिल १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉ. हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी आठ तरुण मुलींची नोंद छापली. वयं १५ ते २२. सगळ्यांना योनीचा कॅन्सर, आणि बहुतेकींना झालेला प्रकार असा की तो या वयात जवळजवळ कधी होतच नाही. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. हा दुवा सुचवणारी पहिली व्यक्ती डॉक्टर नव्हती. एका मुलीच्या आईनेच विचारलं होतं की मी तेव्हा घेतलेल्या औषधाचा याच्याशी काही संबंध असेल का.

प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग वीस वर्षांनी सापडला. आणि तोही युजरला.

आता तुम्ही म्हणाल की म्हणजे गरोदर बाईने कशालाच हात लावू नये, ओकत बसावं. मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मला गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सापडला.

१९५६ मध्ये त्याच मेरेल कंपनीने बेंडेक्टिन नावाची गोळी अमेरिकेत आणली, खास गरोदरपणातल्या मळमळीसाठी. त्यात डॉक्सिलामाइन नावाचं एक ॲलर्जीचं औषध आणि बी-६ जीवनसत्त्व होतं (सुरुवातीला आणखी एक घटक होता, तो नंतर काढला). कोट्यवधी बायकांनी ती घेतली. थॅलिडोमाइडनंतर लोक इतके धास्तावले होते की जन्मतः व्यंग असलेल्या मुलांच्या पालकांनी या गोळीवर खटले भरले. मग संशोधकांनी खरंच मोजायला घेतलं. घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची बाळं समोरासमोर ठेवून अभ्यासावर अभ्यास झाले. काहीही अपाय दिसला नाही. तरी खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये गोळी बाजारातून काढली. पुढे काय झालं? व्यंगांचं प्रमाण कमी झालं नाही. उलट्यांमुळे हॉस्पिटलात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या.

आणि यातला सगळ्यात विचित्र भाग. थॅलिडोमाइडची घंटा वाजवणारे ते मॅकब्राइड, जगभर हिरो झालेले, ते या गोळीच्याही मागे लागले. तशाच जातीच्या एका द्रव्यावरच्या त्यांच्या प्रयोगांत त्यांनी आकडे बदलल्याचं उघड झालं. १९९३ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. त्याच वर्षी बेंडेक्टिनच्याच एका खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कोर्टात कुठला वैज्ञानिक पुरावा चालेल याचे निकष घालून दिले, ते आजही वापरतात. तीच दोन औषधं मिळून केलेली गोळी एफडीएने एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा मंजूर केली. तीस वर्षांनी!

माझ्यासाठी सगळा लेख इथे येऊन ठेपतो. न बघता ‘सेफ आहे’ म्हटलं तेव्हा बायकांचं आणि मुलांचं नुकसान झालं. न बघता ‘घातक आहे’ म्हटलं तेव्हाही बायकांनीच सोसलं. फरक पडला तो कोणीतरी बसून मोजलं तेव्हा. बेंडेक्टिनवरचा विश्वास कंपनीच्या शब्दामुळे येत नाही आणि ती ‘नैसर्गिक’ आहे म्हणूनही येत नाही. संशय घेऊन, शत्रूच्या नजरेने तिला इतक्या वेळा तपासलं गेलं म्हणून येतो.

या मापाने सीबीडीकडे बघा. एपिडायोलेक्सच्या माहितीपत्रकात लिहिलंय की प्राण्यांवरच्या अभ्यासावरून गर्भाला इजा होण्याची शक्यता आहे. एफडीए म्हणते की गाभण प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर नर पिल्लांच्या जननसंस्थेच्या वाढीत दोष दिसले. माणसांत काय होतं? गरोदर बायकांमध्ये नुसत्या सीबीडीचा असा अभ्यासच नाही की ज्याच्यावर विसंबावं. गांजा ओढणाऱ्या बायकांचे अभ्यास पुष्कळ आहेत, त्यात कमी वजनाची बाळं जास्त दिसतात, पण तिथे टीएचसी, धूर, तंबाखू सगळं मिसळलेलं असतं. म्हणजे सीबीडी गरोदरपणात घातक आहे असं सिद्ध झालेलं नाही, हे खरंय. पण ते निर्धोक आहे असं म्हणायला लागणारी चाचणीच झालेली नाही. केल्सीबाईंच्या टेबलावर ही बाटली आली असती तर त्यांनी काय केलं असतं ते सांगायला नको.

बरं, बाटलीत सीबीडीच आहे याची तरी खात्री? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी छापून आली. लेबलवर लिहिलंय तेवढंच सीबीडी फक्त ३१ टक्क्यांत. आणि ८४ पैकी १८ मध्ये टीएचसी सापडलं. म्हणजे नशा नको म्हणून सीबीडी घेणारी बाई नकळत टीएचसीही घेत असू शकते. अमेरिकेत काही ठिकाणी बाळंतपणाच्या वेळी अशी तपासणी होते आणि त्यात टीएचसी आलं तर बालसंरक्षणवाले चौकशीला दारात येऊ शकतात. हे दुकानात सांगत नाहीत.

दुकानांचंही मोजमाप झालंय, आणि नेमकं कोलोरॅडोतच! २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी गांजाच्या ४०० दुकानांना फोन करून ‘मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळतंय, काय घेऊ’ असं विचारलं. ६९ टक्के दुकानांनी गांजाचं काही ना काही सुचवलं. बहुतेकांचा आधार स्वतःचं मत. ताईच्या दुकानातला मुलगा वाईट नव्हता, तो या ६९ टक्क्यांतला होता एवढंच.

आपल्याकडे बघायचं तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस येतात, पण झाडाची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. त्या फटीतून, आयुर्वेदातलं ‘विजया’ हे नाव लावून, परवान्याने आणि वैद्याच्या चिठ्ठीवर तेलं विकली जातात. इन्स्टाग्रामवर जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. झोप, चिंता, पाळीचं दुखणं. आपल्या वयाच्या, आपल्यासारख्या ऑफिसांत बसणाऱ्या मुलींसाठीच त्या आहेत. त्यात आयुर्वेद हा शब्द आला की आपण प्रश्न विचारायचं थांबवतो. पण कुठलाही भला वैद्य गरोदर बाईला काय देऊ नये याची भली मोठी यादी सांगतो, हे विसरू नका.

ताईचं पुढे काय झालं? तिच्या डॉक्टरने दिली तीच कंटाळवाणी गोळी, डॉक्सिलामाइन आणि बी-६. आपल्याकडेही हीच जोडी सर्रास देतात. मळमळ पूर्ण गेली नाही, पण पाणी पोटात राहू लागलं, मग हळूहळू मऊ भात. ऑक्टोबरमध्ये भाची झाली.

जानेवारीत पुन्हा फोन. यावेळी तिकडे पहाटेचे तीन. भाची दर दोन तासांनी उठत होती, दाजी प्रवासात, आई परत आलेली. ताईचा आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाली, "अरे, ती बाटली अजून कपाटात आहे. आता तर बाळ बाहेर आलंय ना. आता घेऊ का? मला फक्त झोपायचंय."

मला आजीची आजी आठवली. फरक एवढाच की इथे झोप बाळाला नाही, आईला हवी होती. आणि दूध तर दोघींचं एकच.

मी तिला २०१८ चा तो अभ्यास सांगितला. गांजा घेणाऱ्या पन्नास आयांच्या दुधाचे ५४ नमुने, त्यातल्या ३४ मध्ये टीएचसी सापडलं, काहींत शेवटचं घेतल्यानंतर सहा दिवसांपर्यंत. काही थोड्या नमुन्यांत सीबीडीही होतं. ही द्रव्यं चरबीत विरघळतात, आणि आईच्या दुधात चरबी असतेच. म्हणजे एक दिवस दूध काढून टाकलं की झालं, असा हिशेब इथे चालत नाही. बाळावर त्याचा परिणाम काय? तो रकाना अजून जवळजवळ कोराच आहे.

ती काहीच बोलली नाही. मग रडायला लागली. मला तेव्हा कळलं की मी तिला आकडे सांगत बसलोय आणि तिला हवीये झोप. गिरणीतल्या बायकांना नुसतं ‘अफू देऊ नका’ सांगणारेही पुष्कळ असतील. त्यांच्या बाळाला पाळीच्या वेळेत धरून बसणारा कोणी नव्हता.

शेवटी आम्ही जे केलं त्यात शास्त्र काही नाही. दाजींनी दौरा अर्धवट टाकला. ती ऑफिसातली मैत्रीण (हो, तीच!) आठवड्यातून दोन रात्री येऊन राहू लागली, काढून ठेवलेलं दूध बाटलीने पाजायला. ताईने डॉक्टरला झोपेबद्दल आणि सारखं रडू येतं त्याबद्दलही सांगितलं, आणि डॉक्टरने ते मनावर घेतलं. आईचं तिकीट मार्चचं काढलं.

त्या तेलाच्या बाटलीचं काय झालं ते मी मागच्या आठवड्यात विचारलं. दाजींनी केव्हाच टाकून दिली म्हणे. भाचीने मध्येच फोन ओढला आणि कट केला.

तुमच्या ओळखीत कोणी गरोदर असेल आणि कोणी तिला ‘सेफ आहे’ म्हणून काही देत असेल, तर कोणी बघितलं, कसं बघितलं, एवढं विचारा. आणि मग जमलं तर एक रात्र बाळ सांभाळायलाही जा.

पुढच्या वीकेंडला भेटू, रिलीज पुढे ढकलला नाही तर.